तात्या तोलारचा दुसरा भाग

आप्पा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला शिरूरच्या विहारात चार जण बोलले आणि चौघेही खोटं बोलले.

पहिला म्हणाला, आप्पा सदैव हसतमुख असायचे. आप्पा हसतमुख नव्हते. त्यांच्या प्रेसमध्ये मी चार वर्षं जाऊन बसत होते, तेवढ्या काळात मी त्यांना एकदाच मनापासून हसताना पाहिलं, आणि ते कशाला हसले हे आठवलं की मला आजही घास जात नाही. दुसरा म्हणाला, आप्पांनी आयुष्यात कुणाला दुखावलं नाही. निम्मं शिरूर त्यांच्याशी बोलत नव्हतं. तिसऱ्यानं त्यांना ‘ज्येष्ठ मुद्रक व थोर समाजसेवक’ करून टाकलं. ‘थोर’ हा शब्द आप्पांनी गिऱ्हाइकाच्या देखत तांबड्या पेन्सिलीनं कितीदा खोडला, ते मी स्वतः पाहिलं आहे. चौथ्याला कोण गेलंय हेच नीट ठाऊक नसावं, कारण तो शेवटपर्यंत ‘आपले दादा’ म्हणत होता.

आप्पांनी एक पुस्तक लिहिलं होतं आणि ते वाचून कुरकुंभच्या तीन पाळ्या हसल्या होत्या, हे मात्र एकाच्याही तोंडून आलं नाही.

मलाही बोला म्हणाले होते. कंपनीच्या गेटसमोर ट्रॉलीवर उभं राहून मी तास-तास बोलते, तिथं उठलेच नाही. खरं बोलले असते तर समोर बसलेल्या आप्पांच्या लेकीला ते ऐकावं लागलं असतं. आणि खोटं बोलायला चार जण आधीच झाले होते. म्हणून लिहिते आहे. लिहिताना कुणी समोर बसलेलं नसतं.

मी दौंडची. वडील कुरकुंभच्या एका कंपनीत कंत्राटी कामगार. आमची संघटना लहान आणि मागण्या तिच्याहून लहान : हातमोजे द्या, आठवड्याची सुट्टी द्या, हजेरीकार्ड आमच्या हातात द्या. एवढं कागदावर छापून द्यायलाही दौंडात कुणी तयार नव्हतं. एका प्रेसवाल्यानं मला सांगितलं की मशीन बंद आहे. मशीन त्याच्या पाठीमागं चालू होतं. इतक्या आवाजात चालू होतं, की बंद आहे हे त्याला ओरडून सांगावं लागलं. तेव्हा कुणीतरी शिरूरच्या आप्पांचं नाव सुचवलं. न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एसटीनं मी मजकूर घेऊन गेले.

मार्केट यार्डाकडं वळणाऱ्या बोळात एकच खोली. दाराशी पायानं चालवायचं जुनं ट्रेडल मशीन, कोपऱ्यात कॉम्प्युटर, आणि उरलेल्या जागेत कागदाचे गठ्ठे. खुर्ची नव्हती. आप्पा गठ्ठ्यावर बसायचे आणि गिऱ्हाइकालाही गठ्ठ्यावरच बसवायचे. कुणी हुशार गिऱ्हाईक ‘खुर्ची का घेत नाही आप्पा’ म्हणालं, तर ‘खुर्चीवर बसलं की मानूस खोटा मजकूर द्यायला लागतो’ म्हणायचे. सडपातळ, उंच, खिशाला दोन पेन आणि कानावर तांबडी पेन्सिल. त्यांनी माझं पत्रक उभ्यानंच वाचलं.

“अकरा उद्गारचिन्हं,” ते म्हणाले. “आपल्या प्रेसात एका पानावर सातच्या वर छापत न्हाईत.”

मी विचारलं, का?

“शिशाच्या टायपाचे दिस व्हते तवा त्याचे खिळे माझ्याकडं सातच व्हते. सातात सगळ्या निवडणुका भागल्या. तुझं काय एवढं मोठं हाय?”

मी चिडले. चार चिन्हं काढली. मग मुद्दा निघाला प्रेसच्या नावाचा. मी मोठ्या उदारपणानं म्हणाले, की आप्पा, तुम्हाला त्रास नको, खाली मुद्रकाचं नाव नाही टाकलं तरी चालेल. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घरातलं काही उचललं होतं. “नाव लपवायला मी काय नोटा छापतो व्हय?” आणि प्रेसचं नाव त्यांनी आमच्या संघटनेच्या नावापेक्षा एक घर मोठ्या टायपात टाकलं. त्या दिवसापासून मी त्यांची ‘पुढारीणबाई’ झाले. प्रेमाचं नाव नव्हतं ते. बोळात मी दिसले, की ते शेजारच्या चक्कीवाल्याला ऐकू जाईल असं म्हणायचे, “आल्या पुढारीणबाई. क्रांती करा आता, दळण मागनं बघू.”

विशेषणांचा त्यांना भयंकर राग. तळेगाव ढमढेऱ्याकडचा एक उमेदवार ‘कार्यसम्राट’ असा मजकूर घेऊन आला. आप्पांनी पेन्सिल काढली आणि विचारलं, कार्य कोणतं? उमेदवार हसला. आप्पा हसले नाहीत, वाट बघत बसले. उमेदवाराबरोबरचे दोघे बाहेर जाऊन उभे राहिले. शेवटी उमेदवाराला आठवलं, की त्यानं एसटीच्या थांब्यावर एक बाकडं टाकलं होतं. आप्पांनी ‘कार्यसम्राट’ खोडून ‘बाकडंवाले’ लिहिलं. तो तणतणत दुसरीकडं छापायला गेला, निवडूनही आला, पण ही गोष्ट त्याच्या आधी गावात पोचली होती. गाव त्याला अजून बाकडंवालेच म्हणतं.

आता त्या पुस्तकाबद्दल.

आप्पांनी ते पुस्तक लिहितोय असं कुणाला न सांगता लिहिलं, म्हणजे सगळ्यांना वाचून दाखवत लिहिलं. लग्नाच्या पत्रिका, पावतीपुस्तकं, जयंतीची पत्रकं यांच्या मधल्या वेळात ते थेट कॉम्प्युटरवर टाइप करायचे. हातानं लिहिलेलं काही नाहीच. चार ओळी झाल्या, की जे गिऱ्हाईक गठ्ठ्यावर बसलेलं असेल त्याला वाचून दाखवायचे. व्यापारी असो, नवरीचा बाप असो, नाहीतर उसाची गाडी बाहेर लावून आलेला ड्रायव्हर. गिऱ्हाईक हसलं तर ओळ पास. नाही हसलं तर दुसऱ्या गिऱ्हाइकाला. तेही नाही हसलं तर तिसऱ्याला. तिसरंही नाही हसलं, की ओळ तिथंच पुसली. त्यावर अपील नाही. ‘आपल्याला कितीबी आवडली आसंल, मानूस हसला न्हाई म्हंजी ती ओळ न्हाईच,’ असं म्हणायचे. वाचताना स्वतःचा चेहरा दगडासारखा ठेवायचे, कारण लेखक हसला की गिऱ्हाईक भिडेखातर हसतं, आणि भिडेचं हसू त्यांना चालत नव्हतं. याच कारणानं पुस्तकावर लेखकाचं नावही टाकलं नाही. फक्त शेवटी बारीक अक्षरात प्रेसचं नाव होतं.

पुस्तकाचा नायक तात्या तोलार. बाजार समितीत काट्यावर पोती तोलणारा माणूस. तो गुन्हे शोधायचा, पण काट्याजवळून हलायचा नाही. साक्षीदारानं काट्यावर उभं राहूनच साक्ष द्यायची. खोटं बोलणारा माणूस श्वास धरून ठेवतो, म्हणून तो अर्धा किलो जड भरतो, असा तात्यांचा सिद्धांत होता, आणि तो पुस्तकभर एकदाही बरोबर ठरला नाही. गूढ होतं तेराव्या पोत्याचं, आणि पुस्तकाचं नावही ‘तेरावं पोतं’. तळेगावात ट्रकमध्ये कांद्याची तेरा पोती मोजली, ट्रक कुठं थांबला नाही, शिरूरला बारा उतरली. शोधपथक निघतं. त्यात सगळ्यात पुढं, सगळ्यात तावातावानं शोधणारा एक हमाल असतो. आणि शेवटी कळतं ते हे, की तोच हमाल त्या दिवशी ट्रकमध्ये अंगावर बारदान ओढून झोपला होता आणि मोजणाऱ्यानं त्यालाच पोतं म्हणून मोजलं होतं. शंभर पानं तो बिचारा स्वतःलाच शोधत असतो.

छापलंही कसं, तर पत्रकांच्या उरलेल्या कागदावर. दहा पानं गुलाबी, मग पिवळी, मधेच हिरवी. आमच्याकडं कुरकुंभला त्याची एकच प्रत आली होती. कुणी आणली देव जाणे. पहिल्या पाळीनं गुलाबी पानांपर्यंत वाचलं, की पुस्तक लॉकरमध्ये ठेवायचं आणि दुसऱ्या पाळीनं गुलाबी वाचून पिवळं संपवायचं. पुढं वाचलेल्या माणसानं मागच्या पाळीला चोर सांगायचा नाही, असा ठराव झाला होता. आमच्या संघटनेचा एकही ठराव इतका पाळला गेलेला नाही. वडिलांनी सुट्टीच्या दिवशी ते घरी आणलं, तेव्हा मी शाळेत होते. माझे वडील फार हसणारे नाहीत. त्या दिवशी दाराच्या उंबऱ्यावर बसून ते इतके हसले, की आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन त्यांच्याकडं बघत उभी राहिली.  

म्हणून पहिल्या पत्रकाच्या तळाला आप्पांच्या प्रेसचं नाव छापून आलं, तेव्हा ते आधी कुठं पाहिलंय हे मला आठवलं आणि मी तिथंच गठ्ठ्यावरून उठले. तेरावं पोतं तुमचं का, म्हणून विचारलं. आप्पांनी मान हलवली. मी म्हणाले, दुसरा भाग पाहिजे.

“कोनाला पाहिजे?”

“मला. तीन पाळ्यांना.”

ते पत्रकांचा गठ्ठा बांधायला लागले. पण पुढच्या वेळी मी गेले, तेव्हा कॉम्प्युटरवर दुसऱ्या भागाचं पहिलं पान होतं.

इथून पुढं जे झालं ते मी सरळ सांगते.

तोवर त्यांच्या गिऱ्हाइकांची रया गेली होती. पत्रिका मोबाइलवर जाऊ लागल्या, उमेदवार फ्लेक्सवाल्याकडं गेले, पावतीपुस्तकं बंद झाली. गठ्ठ्यावर तासभर बसून राहणारं गिऱ्हाईक एकच उरलं. ती मी. पत्रक तयार होईस्तोवर मला परतीच्या गाडीपर्यंत थांबावंच लागायचं. आप्पा मला ओळी वाचून दाखवायचे.

आणि मी हसायची नाही.

याला कारण होतं. गेटसभेत उभी राहिलेली पोरगी हसली, की मागचे चार बाप्ये तिच्याकडं वेगळं बघून हसतात. हे मी पहिल्याच महिन्यात शिकले होते. संघटनेतल्या जुन्या माणसांनी सांगितलं होतं, चेहरा आवरून ठेव, लोक तुला हलक्यात घेतील. मी इतका आवरला, की नंतर तो मोकळा सोडायचं विसरूनच गेले. असं नाही की मला हसू यायचं नाही. एकदा त्यांनी वाचलं : ‘मयताच्या घरी सगळे धाय मोकलून रडत होते. शांत फक्त मयत होता. तात्यांचा पहिला संशय त्याच्यावरच गेला.’ मी मान डोलावली आणि पत्रकाचं मुद्रितशोधन करत राहिले. परतीच्या एसटीत न्हावऱ्याच्या जवळपास मला ते एकदम आठवलं आणि मी खिडकीकडं तोंड करून इतकी हसले, की शेजारच्या बाईंनी बरं वाटत नाही का म्हणून विचारलं.

प्रेसमध्ये मात्र मी दुसरंच बोलायची. की आप्पा, तात्या इतका हुशार, काट्यावर बसलेला, मग कंत्राटदाराचं खोटं माप त्याला दिसत नाही का? तुमच्या गोष्टीत हमाल नुसता झोपतो, त्याला हातमोजे आहेत का? लोक हसून विसरून जातात, त्यांच्या हातात काहीतरी ठेवा. आणि लेखकानं नाव लपवणं हा पळपुटेपणा आहे. आप्पा ऐकून घ्यायचे. मला वाटायचं, म्हातारा माझ्याशी वाद घालत नाही म्हणजे त्याला पटतंय. मला फार बरं वाटायचं तेव्हा.

दुसरा भाग निघाला. पांढऱ्याशुभ्र नव्या कागदावर, वर आप्पांचं पूर्ण नाव. मी एसटीत वाचायला घेतला आणि दौंड यायच्या आत मिटला. चोर कोण हे दुसऱ्या पानावर कळत होतं : कंत्राटदार. पत्रकात दोषी कोण ते पहिल्या ओळीत सांगायचं असतं, आणि तसंच सांगितलं पाहिजे. रहस्यकथेत ते सांगितल्यावर उरलेली नव्वद पानं माणसानं करायचं काय? तात्या काट्याजवळून उठून मोर्च्यात गेला होता. उमेदवार काट्यावर उभा राहतो, काटा हलत नाही, आणि तात्या म्हणतो की आश्वासनांना वजन नसतं. असलं वाक्य पहिल्या भागातल्या तात्यानं काट्यावर चढूही दिलं नसतं. मग तीन पानांचं भाषण होतं. मुद्दे बरोबर होते. मला ते ओळखीचेही वाटले, पण तेव्हा ते कुठले हे माझ्या ध्यानात आलं नाही. माणूस स्वतःचा आवाज दुसऱ्याच्या तोंडून ओळखत नाही म्हणतात, तसं काहीसं.

वडिलांनी पुस्तक नेलं. ते आठ दिवस लॉकरमध्ये पडून राहिलं. मी विचारलं, तेव्हा म्हणाले, “भाषण चांगलं हाय गं. पण भाषण ऐकायला मी तुझ्या गेटसभेला येतोच की.”

माझा संताप संताप झाला. इतकी वाट पाहिली ती याच्यासाठी? आणि मी आयुष्यात कुणाची भीड ठेवलेली नाही, याचा मला गर्व होता. आमची संघटना दर पंधरवड्याला एक चारपानी पत्रिका काढते. तिच्या शेवटच्या पानावर मी दुसऱ्या भागावर सणसणीत लिहिलं. पहिल्या भागानं वाचकाला जो विश्वास दिला तो दुसऱ्यानं मोडला, हसण्याच्या जागी उपदेश भरला, असं सगळं. आणि ते छापायला, नेहमीप्रमाणे, आप्पांच्या प्रेसमध्ये घेऊन गेले.

होय, नेऊन दिलं. लपवून दुसरीकडं छापणं मला अप्रामाणिक वाटलं.

आप्पांनी मजकूर वाचला. कॉम्प्युटरवर बसले आणि टाइप करू लागले. स्वतःवरची टीका ओळीमागून ओळ, सावकाश. दोन ठिकाणी माझं शुद्धलेखन सुधारलं. एका ठिकाणी मी ‘थोर निराशा’ लिहिलं होतं, त्यातलं ‘थोर’ काढू का म्हणून विचारलं. मी काढा म्हणाले. मग ते शेवटच्या वाक्यापाशी आले आणि मोठ्यानं वाचू लागले : ‘या पुस्तकात खून झाला आहे तो तात्या तोलारचा, आणि लेखकाला अजून त्याचा पत्ता लागलेला नाही.’

आणि आप्पा हसले. चार वर्षांत पहिल्यांदा. खांदे हलेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी माझ्या कागदावर त्या ओळीपुढं खूण केली.

“ही पास,” ते म्हणाले. “पुढारीणबाई, ही ओळ तात्याची हाय.”

आणि पानाच्या तळाला त्यांनी प्रेसचं नाव टाकलं. एक घर मोठ्या टायपात.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर प्रेस बंद झाली. आप्पांचा हात थरथरू लागला होता. लेकीनं त्यांना दौंडला आपल्याकडं नेलं. जावई रेल्वेत, त्यांचं क्वार्टर आमच्या घरापासून चालत जाण्यासारखं. ट्रेडल भंगारात गेलं, कॉम्प्युटरही कुणीतरी उचलून नेला. मी भेटायला गेले ती मनात अढी ठेवूनच. त्यांच्या लेकीनं, ताईंनी, चहा दिला आणि सांगितलं, की आप्पा दिवसभर व्हरांड्यात बसून असतात, वाचत काही नाहीत. मी गेल्यावर दोन मिनिटांत विषय काढलाच. माझ्याच्यानं राहवत नाही. मी विचारलं, आप्पा, तुम्ही तात्याचं असं का केलंत? ती मयतावरची ओळ कुठं गेली?

ते म्हणाले, “काढली.”

“का?”

“तू हसली न्हाईस.”

मला समजेना. ते रागानं बोलत नव्हते. पत्रिकेत नवरीचं नाव आधी का नवऱ्याचं, हे सांगावं इतक्या साधेपणानं सांगत होते. “तिघांना वाचून दाखवायचा नेम. तिघं कुटनं आनू? तू एकलीच यायचीस. मग तुलाच तीनदा वाचली. तीन वेगवेगळ्या दिवशी. तिन्हीबी येळंला न्हाई हसलीस. तशा लई ओळी गेल्या. आन् तू जे बोलायचीस ते तवा डोळं चमकवून बोलायचीस. म्हनलं, गिऱ्हाइकाला हे आवडतंय. ते घातलं.”

मी म्हणाले, “आप्पा, मी हसले होते. एसटीत. न्हावऱ्यापाशी.”



“एसटीतलं हसू मला प्रेसात कसं कळावं, पोरी?”

म्हणजे तात्याचा खून कुणी केला, ते मी लिहून, छापून, वाटून आले होते. फक्त नाव चुकीचं टाकलं होतं. पुसलेल्या ओळी कुठं असतील का म्हणून विचारलं. नव्हत्या. कागदावर त्या कधी उतरल्याच नव्हत्या. मला आठवत होत्या त्या तीन-चार. त्या मी सांगितल्या. आप्पा मान हलवत ऐकत होते, आणि पुढं काय होतं म्हणून विचारत होते. पुढं काय होतं ते मलाही सांगता आलं नाही.

मी म्हणाले, तिसरा भाग लिहा. तुमच्यापुढं गिऱ्हाइकं मी आणते. त्यांनी पहिल्यांदा नको म्हटलं. मग एक दिवस ताईंचा फोन आला, की आप्पांनी वही मागवली आहे. थरथरत्या हातानं लिहीत बसतात, दिवसाला चार ओळी. मला वाटलं, अजून सगळं हातात आहे. तात्या परत येऊ शकतो, आणि आप्पाही.

आणि मला संघटना बांधता येते, दुसरं काही येत नाही. मी माणसं जमवली. पहिली पाळी सुटल्यावर कुरकुंभहून नऊ जणांना जीपमध्ये घातलं, वडिलांसह. सगळ्यांनी तेरावं पोतं वाचलेलं. जीपमध्ये मी त्यांना समजावून सांगितलं, की म्हातारा माणूस आहे, खचला आहे, नीट हसा, लाजू नका. गेटवर घोषणा पहिल्यांदा कुणी उचलायची हे आमचं ठरलेलं असतं, म्हणजे बाकीचे अडत नाहीत. तसं हसू कुणी उचलायचं तेही मी ठरवून दिलं. वडिलांनी.

क्वार्टरच्या व्हरांड्यात सतरंजी टाकली होती. आप्पा भिंतीला टेकून बसले, वही मांडीवर. वाचू लागले. पहिल्या ओळीला वडील हसले. लगेच आठ जण हसले. मी वडिलांकडं बघत होते. उंबऱ्यावर बसून हसणारा माणूस मी पाहिला होता. तो हा नव्हता. दुसऱ्या ओळीला हसले. तिसऱ्या ओळीला हसले. मग एक साधं वाक्य आलं, की तात्यांची बायको वारली त्याला त्या आखाडात सहा वर्षं झाली, आणि तेव्हापासून तात्या काट्याजवळच जेवतात. माझे नऊच्या नऊ जण त्यालाही हसले. दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या ताई वळून आत गेल्या.

आप्पांनी वही मिटली. दुसरं पान अर्धं राहिलं होतं.

“पाळी करून आलायसा,” ते म्हणाले. “दमला आसाल. च्या घ्या.”

लोकांनी चहा घेतला. शेवग्याच्या शेंगांना काय भाव मिळतोय, पुढच्या आठवड्यात कोणाची कोणती पाळी, असं बोलत बसले. आप्पांनी मला जवळ बोलावलं. हळू आवाजात म्हणाले, “हे हसू न्हवं. ही हजेरी हाय. तू लावलीस.”

मी सतरंजीची मुडपलेली कड सरळ केली.

“आसू दे. तू न्हाई हसलीस, ते बघितलं मी. तू मला कवाच खोटं न्हाई बोललीस. आता तू सांग. कसं झालंय?”

वाईट झालं होतं. प्रत्येक विनोद आधी परवानगी मागून येत होता आणि नंतर स्वतःचा अर्थ सांगून जात होता. तात्या घाबरलेला होता. काट्याजवळ बसून तो गुन्हेगार शोधत नव्हता, समोरच्या माणसाचा चेहरा बघत होता. हे मला अडीच मिनिटांत दिसलं होतं, आणि सांगायला दोन वाक्यं पुरली असती. सांगितलं असतं, तर कदाचित त्यांनी पेन्सिल काढली असती. भांडले असते. चार ओळी खोडून पुन्हा बसले असते.

मी त्यांच्या हाताकडं पाहिलं. वहीवर तो हलत होता.

“चांगलं झालंय, आप्पा,” मी म्हणाले.

त्यांनी वही मांडीवरून उचलून बाजूला ठेवली. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं.

“आता तूबी,” ते म्हणाले. आणि ताईंना हाक मारून सांगितलं, की पाव्हन्यांची जीप थांबलीय, त्यांना उशीर करू नगं.

तिसरा भाग त्या दीड पानावर थांबला. त्यानंतर आप्पा दोन महिने होते. मी जात राहिले. एकदा नवं पत्रक छापून आणलं होतं, ते मुद्दाम दाखवायला नेलं. घाईत काढलेलं, कच्चं पत्रक होतं. मला ते माहीत होतं. आप्पांनी चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत सावकाश वाचलं, घडी घालून माझ्या हातात परत दिलं.

“चांगलं झालंय,” म्हणाले.